पडद्यावरचे ढग

प्रिय चिंगे,

मागची खोली रिकामी करून तू तिथे दोन पलंग लावलेस, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलास, हे सगळं कळलं. दांड्याचा फोटोही पाहिला. भक्कम आहे, त्याला धरून हत्तीसुद्धा उभा राहील. महिनाअखेर तू गाडी घेऊन येणार, आम्हा दोघांना आणि ज्या काही पिशव्या होतील त्यांना घेऊन जाणार आणि इथली किल्ली घरमालकाला देऊन टाकणार, असं तुझं ठरलंय. माझं अजून ठरलेलं नाही. फोनवर मी "बघू" म्हणते आणि तू त्याचं "हो" करून टाकतेस. लहानपणापासूनची खोड तुझी. म्हणून आज म्हटलं, निवांत बसून लिहावं. लिहिणाऱ्याला मध्येच तोडता येत नाही, हा पत्राचा एक मोठा फायदा.

आधीच सांगते, तुझी भीती खोटी नाही. बाबा न्हाणीघरात घसरून पडले तेव्हा मी भाजी आणायला गेले होते. गळ्याच्या ऑपरेशनपासून आवाजच नाही, त्यामुळे त्यांना हाक मारता आली नाही, आणि मारली असती तरी कोणाला, घरात होतं कोण? मी आले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्याकडे बघून असे कपाळावर हात मारत होते की मला आधी हसू आलं आणि मग पिशवी तिथेच टाकून मी त्यांना उठवायला धावले. ते हसू मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. मलाही भीती वाटते. बाजारात जाते तेव्हा अर्धा जीव घरी ठेवून जाते, आणि कोथिंबीर विसरून परत येते.

पण त्या दिवशी तू रडता रडता एक वाक्य बोललीस, ते माझ्या मनातून जात नाही. तू म्हणालीस, "आई, बोलल्याशिवाय बाबा म्हणजे बाबाच नाहीत गं. आतल्या आत संपतील ते." तुझं चूक नाही. तू पाहिलेले बाबा म्हणजे दाराची कडी काढल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. हातपाय धुताना गोष्ट, जेवताना गोष्ट, तुझी वेणी घालताना गोष्ट. आणि मी स्वयंपाकघरात, तोंडात मूग धरून बसलेली. तुझ्या मैत्रिणी विचारायच्या, तुझी आई रागावलीय का? तर चिंगे, तू संध्याकाळचे बाबा पाहिलेस. दिवसाचे बाबा मी पाहिलेत. ते निराळेच गृहस्थ होते. त्यांची तुझी ओळख करून द्यायची राहूनच गेली.

त्यासाठी कारखान्यात यावं लागेल. शाळेत तू सगळ्यांना सांगायचीस, आमचे आईबाबा प्लास्टिकच्या कारखान्यात आहेत, आणि लोकांना वाटायचं आम्ही बादल्या करतो. आम्ही पडदे करायचो. खिडकीचे नव्हे, गाळायचे. यंत्र धुतलेलं तेलकट पाणी, रंगवाल्यांचं पाणी, दुग्धालयातलं पाणी, असलं काय काय त्या पडद्यावर जोरात दाबून सोडायचं. पाणी पलीकडे जातं आणि तेल, गाळ, नको ते किंवा हवं ते अलीकडे राहतं. चाळणीच म्हण, पण भोकं इतकी बारीक की तुझ्या चष्म्याला काय, आमच्या रसायनवाल्या बाईंच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नसत. मी एकदा बाईंना विचारलं, इतकी बारीक भोकं पाडतं कोण? मला वाटायचं, कुठेतरी खूप बारीक सुया असतील. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, कोणी पाडत नाही, ती आपोआप पडतील अशी व्यवस्था आपण करतो. आणि मग त्यांनी मला टाकीच्या काठावर उभं करून दाखवलं. माझं शिक्षण किती ते तुला ठाऊक आहे. पण तेवढं मात्र मी डोळ्यांनी शिकले आणि पुढे बाईंची जाडजूड पुस्तकं बोट ठेवून ठेवून वाचली.

कसं असतं बघ. प्लास्टिकचे पांढरे दाणे येतात, साबुदाण्यासारखे. ते एका उग्र द्रावणात टाकून, मंद आचेवर दिवसभर ढवळत ठेवायचे. विरघळून मधासारखा घट्ट, नितळ रस होतो. आम्ही त्याला पाकच म्हणायचो, आणि पाकासारखीच त्याची तार बघायचो, काचेची कांडी बुडवून. तयार झाला की झाकून स्वस्थ ठेवायचा, म्हणजे आतले बुडबुडे वर येऊन फुटतात. इथे घाई केली की पुढे पडद्यात टाचणीएवढी भोकं, मग तो पडदा म्हणजे फाटकं जाळं. मग हा पाक एका पांढऱ्या, न विणलेल्या, नुसत्या दाबून केलेल्या कापडावर ओतायचा. कापड रुळांवरून सरकत असतं. वर आडवं पोलादी पातं असतं, त्याच्याखाली केसाएवढी फट. त्या फटीतून कापड पुढे जाताना पाक सारखा पसरतो, लोणी फासल्यासारखा. हे पातं तुझ्या बाबांचं.

पात्यापासून पुढे हातभर अंतर तो ओला थर उघड्या हवेतून जातो आणि मग पाण्याच्या टाकीत उतरतो. टाकी माझी. आणि चिंगे, सगळी गंमत तिथेच आहे. काचेसारखा नितळ थर पाण्यात शिरतो आणि बघता बघता दुधासारखा पांढरा होतो. मी हजार वेळा पाहिलं असेल, पण कधी कंटाळा आला नाही. होतं काय, तर त्या उग्र द्रावणाची पाण्याशी मैत्री. ते पाकातून निघून पाण्यात पळतं. त्याच्या जागी पाणी आत घुसतं. प्लास्टिकचं आणि पाण्याचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. त्याला विरघळलेलं राहता येईना, पळताही येईना, म्हणून ते आहे तिथे घट्ट होऊन बसतं. पाण्याला आधी जी बाजू लागली तिथे सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो, आणि खाली स्पंजासारखं पोकळ अंग. जे निघून गेलं त्याच्या जागा तेवढ्या मोकळ्या राहतात. तीच भोकं. गाळायचं सगळं काम वरचा पापुद्रा करतो आणि खालचं अंग त्याला नुसतं धरून ठेवतं. एकदा पांढरं झालं की झालं; पडदा कसा निघणार ते त्या दोन-चार श्वासांत ठरून गेलेलं असतं. पुढे धुणं, ग्लिसरीनमध्ये बुडवणं म्हणजे वाळताना भोकं मिटत नाहीत, गुंडाळणं, हे सगळं मागचं आवरणं.

तर मी टाकीवर नवी लागले तेव्हा पात्यावर जो माणूस होता त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. का म्हणायचे ते तुला सांगायला नको. पात्यावर ओणवा होऊन एक डोळा थरावर आणि तोंड चालू. भांडारातले काका कसे चालतात, मुकादमाला बायकोने काय सुनावलं, कोणाच्या डब्यात काय निघालं. पाळीवरचे सगळे कामगार हसायचे, आणि मी मनात म्हणायचे, देवा, या माणसाला कोणीतरी बंद करा. खरं सांगते, मला ते मुळीच आवडले नव्हते. मला वाटायचं, इतकं बोलणाऱ्या माणसाच्या आत काही उरत असेल का?

आणि त्याच सुमाराला पडद्यावर ढग यायला लागले. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर मध्येच धुरकट, बशीएवढे डाग. दाबाखाली लावले की नेमकं तिथूनच तेल निसटायचं. माल परत यायला लागला. मुकादमाने पाक बदलला. पात्याला धार दिली. कापडवाल्याशी भांडण झालं. टाकीचं पाणी थंड केलं, गरम केलं, आणि मलाही दोन शब्द ऐकवले की तुझे हात पाण्यात फार हलतात. ढग काही हटेनात. मग एकदा रेडिओचा घसा बसला. फडकं गुंडाळून बिचारे गुमान काम करत होते, आणि दिवसभर पडदा कसा, दह्याच्या कवडीसारखा स्वच्छ. दोन दिवस तसंच. घसा सुटला आणि ढग परत.

रसायनवाल्या बाईंनी हे टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी येऊन बाबांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सांगा बघू एखादी गोष्ट. सगळी पाळी गोळा झाली. आता हुकमावर कोणाला विनोद सुचतो का? यांनी सुरुवात केली, अडखळले, मुकादमाकडे बघून घाम पुसला. गोष्ट अशी रटाळ झाली की कोणी हसेना. म्हणून बिचारे शेवटी स्वतःच हसले, मोठ्याने. बाई थराच्या बरोबरीने सावकाश टाकीपर्यंत चालत आल्या. बोलले होते तिथे लहान ढग, लहान ढग, आणि हसले होते तिथे हा एवढा थोरला. बाई म्हणाल्या, तुमच्या श्वासातली वाफ. टाकीत शिरायच्या आधीच थराला पाणी लागतं, मग वरचा पापुद्रा नीट धरत नाही. आणि मग काय, ती गोष्ट रटाळ झाली तरी तिच्यावर पाळीने आठवडाभर हसून घेतलं.

त्या दिवसापासून नियम झाला. पात्यापासून पाण्यापर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. बाईंनी यांना समजुतीने विचारलं, बांधणी खात्यात जाता का, तिथे हवं तेवढं बोला. सगळ्यांना वाटलं जातील. हे नाही म्हणाले. आणि गप्प झाले. नुसते गप्प नव्हे, पाळीभर गप्प. पहिल्या आठवड्यात लोक पैजा लावत होते आणि हरत होते. मी समोर टाकीवर. चोरून बघायचे, आता फुटेल, मग फुटेल. माणूस फुटला नाही. भुवयांनी बोलायला लागला. डावीकडे थर जाड चाललाय, डावी भुवई. पंपाचा आवाज बदललाय, कानाच्या पाळीला बोट. भूक लागली, तर तोंड असं केविलवाणं की बघवायचं नाही. आणि भांडारातल्या काकांची चाल नुसत्या दोन बोटांनी पात्याच्या काठावर करून दाखवायचे. मला हसू आवरायचं नाही. मी हसले तरी चालायचं, कारण पाण्यात शिरलेल्या पडद्याला कोणाच्या हसण्याचं भय नसतं.

तेव्हा तिकडे यांनी बोलायचं नाही आणि इकडे मला मुभा. मग मीच बोलायला लागले. मी! जिच्या तोंडून घरात शब्द काढायला सांडशी लागायची. आधी कामापुरतं, मग घरचं, मग भावाशी झालेलं भांडण, मग पुस्तकात वाचलेलं आणि न कळलेलं. ते ऐकायचे. नजर थरावर, पण प्रत्येक वाक्य पोचलं की नाही ते कपाळावर दिसायचं. माझं इतकं नीट कोणी ऐकलं नव्हतं. ज्या माणसाच्या आत काही उरत नसेल असं मला वाटलं होतं, त्याच्या आत केवढी जागा होती, ते तो गप्प झाल्यावर मला कळलं. बांधणी खात्यात का गेला नाहीत, असं मी खूप पुढे विचारलं. म्हणाले, तिथून टाकी दिसत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभराचं तुंबलेलं ते तुझ्यापुढे मोकळं करायचे आणि मी दिवसभर बोलून दमलेली. तुला वाटायचं, आई अबोल आणि बाबा बोलके. आमचा दोघांचा दिवस उलटा होता, एवढंच.

आता तू म्हणशील, आई, त्या वासाच्या द्रावणानेच तर गळ्याचं झालं नाही ना? डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, तसं छातीठोक सांगता येत नाही. आणि सिगारेट ओढत होते का? यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. तो विषय तिथेच संपला.

आता कसं चाललंय ते सांगते, म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे चित्र येईल. गळ्याच्या भोकावर ते जाळीचं फडकं असतं, श्वास तिथूनच. त्यामुळे चहावर फुंकर मारता येत नाही, मी मारते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, यांना दूधसुद्धा फुंकता येत नाही, असं मी म्हटलं तर खांदे गदागदा हलले. हसतात तसेच, फक्त आवाज नाही. तू पाठवलेलं बोलायचं यंत्र गळ्याला लावून एकदा दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर" म्हणाले. दूधवाला दोन पायऱ्या मागे गेला आणि दुसऱ्या दिवशी एक लिटर ठेवून पळाला. सूज उतरली की यंत्र नीट चालेल म्हणतात; सध्या नुसती भुणभुण होते. पाटीवर लिहितात, पण अक्षर लावता लावता चहा निवतो. बाकी भुवया आहेत. कानाच्या पाळीला बोट अजून लागतं, फक्त पंपाच्या जागी आता पाण्याची मोटर आहे. मी बोलते, ते ऐकतात. शेजारीण विचारत होती, काकू, तुम्ही अलीकडे कोणाशी एवढं बोलत असता?

म्हणून सांगते, ते आतल्या आत संपत नाहीयेत. हे मी तुझं समाधान व्हावं म्हणून लिहीत नाही. काही दिवस वाईट जातात. परवा जुना सोबती भेटायला आला, खूप बोलला, आणि तो गेल्यावर हे बराच वेळ चपलांकडे बघत बसले होते. मी चहा टाकला. सगळ्याच गोष्टींवर मी काही म्हणायला हवं असं नाही.

आता हे पत्र का, ते. गेल्या रविवारी तुझा फोन यायच्या आधी त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. फोन वाजला, मी स्पीकर लावला, ते खुर्ची ओढून जवळ बसले. तू म्हणालीस, "आई, स्पीकर बंद कर, बाबांबद्दल बोलायचंय." मी बंद केला. चूक माझीही आहे, पण बंद केला. ते उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालायला लागले. सकाळीच घातलं होतं. कुंडीतून पाणी खाली वाहून गेलं तरी घालत होते. चिंगे, ऑपरेशन झाल्यापासून तू त्यांच्याशी एक वाक्य बोललेली नाहीस. मला माहीत आहे, तुला रडू येतं, आणि पलीकडून काही ऐकू येत नाही ते तुला सोसत नाही. पण त्यांचा आवाज गेलाय गं, कान नाही गेले. न्यायचं की नाही ते मला विचारू नकोस, मी त्यांच्या वतीने काही लिहिणार नाही. माझा अंदाज आहे की ते नको म्हणतील. पण आजवर माझे त्यांच्याबद्दलचे अंदाज कितीदा चुकले ते वर लिहिलंच आहे. हो म्हणाले तर मी पिशव्या भरते, कुरकुर करणार नाही. येत्या रविवारी चेहरा दिसतो तसला फोन कर. मी भाजी आणायला जाईन. त्यांना सरळ विचार, "बाबा, येता का माझ्याकडे?" आणि मग उत्तर यायला वेळ लागला तर लागू दे. मध्ये बोलू नकोस, फोन ठेवू नकोस, नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहा. रडू आलं तर रड, त्याने काही बिघडत नाही. ते खाली न्हाव्याकडे गेलेत, परत यायच्या आत पाकीट चिकटवते.

तुझीच, आणि अजून "बघू"वरच असलेली,
आई